देवाला 'अरे', आजोबांना 'अहो'?

मेथीदाणा

लेक आठ वर्षांची आहे. आम्ही डब्लिनला राहतो. तिचं मराठी म्हणजे शनिवारची शाळा आणि रोज आजीशी व्हिडिओ कॉल. गेल्या महिन्यात शाळेत तू-तुम्ही-आपण झालं. त्याचा तक्ता आमच्या फ्रिजवर लटकतोय. 'तू'च्या रकान्यात मैत्रीण, भाऊ, मांजर. 'तुम्ही'मध्ये आजोबा, बाई, शेजारचे काका.

परवा आरती झाल्यावर तिनं विचारलं, "देव कुठल्या रकान्यात?"

मी घाईत 'तुम्ही' म्हणून मोकळी झाले. तर म्हणते, मग आत्ता आपण 'डोळ्यांनी पाहीन रूप तुझे' का म्हटलं? देव आजोबांपेक्षा मोठा ना? मग तो मांजराच्या रकान्यात कसा?

मी म्हटलं, जवळचा आहे म्हणून. त्यावर ती म्हणाली, "आजोबा जवळचे नाहीत?"

इथं माझी विकेट पडली. तर मंडळी, तुमच्या घरी, तुमच्या धर्मात, तुमच्या भाषेत देवाशी कसं बोलतात? अरे की अहो? आणि का? ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांनीही लिहा, फक्त 'देवच नाही' एवढं लिहून पळू नका.

शब्दाचा_किडा

सोपं आहे. संस्कृतात आदरार्थी 'भवान्' आहे, पण देवाला 'त्वम्'. 'त्वमेव माता' आठवा. मराठीनं तेच उचललं. विषय संपला.

उंडगा

'विषय संपला' असं ज्या धाग्यावर कोणी लिहितं तो शंभरी गाठतो. चहा टाकतो.

कोरडा_पाऊस

संपला कसा? संस्कृतात तसं का, हा प्रश्न उरतोच की.

माझं एक निरीक्षण. गणपती, विठोबा, मारुती, अंबाबाई यांना सगळे अरे-अगं करतात. पण त्याच देव्हाऱ्यात शेजारी स्वामी समर्थ किंवा गजानन महाराज असतील तर आवाज बदलतो. "महाराज, सांभाळा." "आपली कृपा असू द्या." माझी सासू एका दमात "गणराया, पाव रे बाबा" आणि "स्वामी, लक्ष असू द्या" म्हणते. म्हणजे ज्याची मूर्ती त्याला अरे, ज्याचा फोटो त्याला अहो!

उंडगा

माझा आधार कार्डावरचा फोटो बघून कोणी अहो म्हणेल असं वाटत नाही.

खाडीपलीकडचा

कोरडा_पाऊस, तुमच्या नियमाला आमच्याकडे मूर्तीही नाही आणि फोटोही नाही, तरी तो लागू पडतो, गंमत बघा.

मी रत्नागिरीचा, घरात कोकणी बोली, मदरशात उर्दू. दुआ मागताना अल्लाहला 'तू'. 'या अल्लाह, तू रहम कर.' कोणी 'आप' म्हणालं तर कानाला खटकतं. पण पैगंबरांचा उल्लेख कायम 'आप' असा आदरार्थी. तिथं एकवचन चुकूनही तोंडातून जाणार नाही. फारसीत एक जुनं वचन आहे, आमचे मौलवी पुष्कळदा सांगायचे: 'बा ख़ुदा दीवाना बाश ओ बा मुहम्मद होशियार'. खुदापाशी वेडा झालास तरी चालेल, मुहम्मदांपाशी मात्र भानावर राहा.

आणि सूरह फ़ातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय. सात आयती, रोजच्या नमाजात कितीदा म्हणतो. सुरुवात त्याच्याविषयी आहे: स्तुती अल्लाहची, तो कृपाळू, तो निवाड्याच्या दिवसाचा मालक. आणि मधेच, काही न सांगता, 'इय्याक नअबुदु': आम्ही तुझीच उपासना करतो. 'तो'चा एकदम 'तू' होतो. लहानपणी हे कळलं नव्हतं. वडिलांच्या जनाज्यानंतर एकदा एकटा नमाज पढताना त्या शब्दाशी थबकलो. तोवर मी कोणाबद्दल तरी बोलत होतो, आणि आता समोर कोणीतरी होतं. एवढंच सांगता येतं.

मेथीदाणा

खाडीपलीकडचा, हे वाचून थांबले. धन्यवाद.

अशदोदकर

मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. जन्म पनवेलचा, आता इस्रायलात अशदोदला. आमच्याकडे बरोब्बर उलटं होतं!

आमच्या बहुतेक आशीर्वादांची सुरुवात 'बारूख अता', म्हणजे 'धन्य तू'. सरळ समोरासमोर. आणि पुष्कळ आशीर्वादांत त्याच वाक्यात पुढं 'अशेर किदशानू', म्हणजे 'ज्यानं आम्हाला पवित्र केलं'. 'तू'नं सुरू झालेलं वाक्य 'तो'वर संपतं. आमचे हाजान, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे, सांगायचे, माणूस जवळ जातो, आणि आपण कोणाजवळ आलोय हे कळून एक पाऊल मागं येतो. व्याकरणवाले दुसरं काही सांगत असतील, मला हे आवडतं.

हिब्रूत अरे-अहो हा भेदच नाही. पण घरात मलिदा असतो तेव्हा, पोहे-खोबरं-साखर-फळांचं ताट मांडून एलियाहू हन्नाबीला बोलावतो, तेव्हा आजी मराठीत पुटपुटायची आणि ते सगळं 'ये रे बाबा'च असायचं. एलियाहू म्हणजे संदेष्टा, तुमच्या फोटोवाल्या गटातला. तरी अरे. त्यामुळे नियम आमच्या आजीनं मोडला आहे.

आणखी एक. 'इस्राएल' या नावाचा अर्थ तोरात, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातच दिला आहे. याकोब रात्रभर कोणाशी तरी झोंबी खेळतो, मांडीचा सांधा निखळतो तरी सोडत नाही, आणि पहाटे त्याला हे नाव मिळतं: देवाशी झुंजलेला. अख्ख्या जमातीचं नावच भांडणावरून पडलंय. तिथं अहो कुठून आणणार?

हौशी व्याकरणी

अरबीत 'तो'कडून 'तू'कडे, हिब्रूत 'तू'कडून 'तो'कडे. धाग्याचे पैसे वसूल.

मराठीत तिसराही प्रकार आहे. पसायदान बघा: 'आता विश्वात्मकें देवें, येणें वाग्यज्ञें तोषावें'. यात तू नाही आणि तुम्हीही नाही. देवानं तोषावं, द्यावं. एवढं मोठं मागणं, आणि समोरच्याला थेट हाक नाही. काही जण म्हणतात तो देव म्हणजे निवृत्तिनाथच. तसं धरलं तर कोरडा_पाऊस यांचा गुरूचा नियम तिथंही बसतो.

मालवणी_खाजा

गाऱ्हाणा इसरलात?

"बा देवा म्हाराजा" अशी सुरुवात, प्रत्येक वाक्याक मागसून सगळे "व्हय म्हाराजा". म्हणजे पदवी राजाची. आणि मजकूर काय? "आज ह्यो जो तुका नारळ ठेवलो हा तो मान्य करून घे आणि लेकराबाळांची राखण कर." तुका! राजाक अरेतुरे फक्त कोकणातच. आणि गाऱ्हाणा म्हणजे शेवटी तक्रारच. देवाक वर्षाचा काम नेमून दिल्यासारखा.

मांडवीतीर

मालवणी_खाजा, तो 'बा' गोव्याच्या चर्चमध्येही आहे. आमची प्रार्थना 'आमच्या बापा' अशी सुरू होते, आणि पुढे 'तुजें नांव'. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज 1579 साली गोव्यात आले, त्यांचं ख्रिस्तपुराण 1616 साली छापलं गेलं. मराठी ओव्या, पण रोमन लिपीत. पहिल्याच ओवीत 'देवा बापा सर्वसमर्था'. परका माणूस, इथली भाषा शिकून देवाला हाक मारतो, आणि नेमकी घरातली हाक उचलतो. 'अहो परमेश्वर' लिहिलं असतं तर पुस्तक तिथंच बंद झालं असतं असं माझं मत.

लिऑनची लोकल

फ्रान्समधली गंमत. कॅथॉलिकांच्या 'आमच्या पित्या' प्रार्थनेत फ्रेंचमध्ये 1966 पर्यंत देवाला 'वू' म्हणजे अहो होतं. मग मजकूर बदलला आणि 'त्यू' आलं. प्रॉटेस्टंट मात्र आधीपासून त्यू म्हणायचे. माझी घरमालकीण ऐंशीच्या पुढची आहे, अजून वू म्हणते. का विचारलं तर म्हणाली, "माझी आणि त्यांची एवढी ओळख नाही."

उंडगा

घरमालकीणबाईंना साष्टांग. बाकी इंग्रजीतलं 'दाऊ' मी आजवर 'आपण'च समजत होतो. ते मुळात 'तू' होतं म्हणे. म्हणजे अरे जुनं झालं की त्याचं आपोआप अहो होतं.

सावरगावची_सून

इथं सगळे व्याकरण बोलतायत, मी घरातलं सांगते.

माझ्या आजेसासूबाईंनी आजेसासऱ्यांना आयुष्यभर 'अहो'सुद्धा धड म्हटलं नाही. नाव घेणं तर सोडाच, ते फक्त उखाण्यात, तेही लाजत. सासऱ्यांसमोर बोलायचं नाही, दिरांसमोर पदर सोडायचा नाही. त्या घरातल्या कुठल्याही मोठ्या पुरुषाला त्या 'अरे' म्हणू शकत नव्हत्या. एकालाच म्हणायच्या, तो देवळीत उभा होता. "अरे विठ्या, बघतोस काय नुसता, कंबरेवर हात ठेवून?" हे मी कानांनी ऐकलंय. जात्यावर बसलं की विठ्ठल कधी भाऊ, कधी सखा, कधी माहेरचा माणूस.

आता जनाबाई आठवा. नामदेवांच्या घरची दासी, जिला सगळं घर 'ए जने' म्हणून हाक मारणार. तिच्या एका अभंगाची सुरुवातच 'अरे विठ्या विठ्या' अशी आहे. पुढच्या शिव्या इथं लिहिल्या तर संपादक मंडळ प्रतिसाद उडवेल. ज्या बाईला जगात कोणालाच अरे म्हणता येत नव्हतं, तिनं थेट वरच्यालाच म्हटलं. आणि तो म्हणे तिच्याबरोबर दळायला बसला.

मेथीदाणा, लेकीला सांगा, तो रकाना मांजराचा नाही, माहेरचा आहे.

कोरडा_पाऊस

सावरगावची_सून, उभं राहून टाळ्या.

मालवणी_खाजा

+१

उंडगा

देवाशी वागण्याचा विषय निघालाच आहे तर 'देव पाण्यात' कोणी काढलं नाही अजून. आमच्याकडे भारत-पाकिस्तान सामना असला की काकू बाळकृष्ण तांब्यात बुडवून ठेवायची. शेवटच्या षटकात हरलो तर दोन दिवस बाहेर काढायची नाही. गंज चढलाय त्याला.

शब्दाचा_किडा

पितळेला गंज चढत नाही.

उंडगा

तुम्ही आमच्या काकूचा बाळकृष्ण बघितला नाही.

मांडवीतीर

पोर्तुगालात आणि ब्राझीलमध्ये लग्न जमत नसलं की मुली संत आंतोनीची मूर्ती उलटी टांगतात. जमलं की सरळ करतात. तुमच्या काकूंची बहीण तिकडं आहे.

आजरेकर काका

दुष्काळात महादेवाचा गाभारा पाण्यानं भरून पिंड बुडवत असत, 'महादेव कोंडला' म्हणत. तुला गुदमरल्यासारखं झालं म्हणजे आमचं दुःख कळेल, असा त्यामागचा हिशेब. लहानपणी घागरी वाहिल्या आहेत. पाऊस आला की नाही ते विचारू नका. ज्याला पाणी नाही म्हणून रडतो त्यालाच पाणी वाहायचं, आणि ते दोन कोसांवरून आणायचं. मला तेव्हाही हसू आलं होतं आणि आजोबांचा मार खाल्ला होता.

निळा_पारवा

चर्चा छान चालली आहे, थोडा खडा टाकतो.

अरे म्हणायला आधी आत तरी येऊ दिलं पाहिजे. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे, दाराबाहेर. देऊळ उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषण करावं लागलं. म्हणजे सहा शतकं एक माणूस दाराबाहेरून 'तू' म्हणतोय, आणि आतला जवळचा आहे असं आपण म्हणायचं.

आमच्या आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा घेतली. घरी येऊन देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले. आमची वंदना 'बुद्धं सरणं गच्छामि'. यात हाक नाही, मागणंही नाही. मी जातो, एवढंच. बुद्धानं ऐकावं, पावावं, धावून यावं अशी अपेक्षाच नसते. मला ते मोकळं वाटतं. रागवायला कोणी नाही, रुसायला कोणी नाही.

आजरेकर काका

पटलं. आमच्या बाजूला जैन शेजार मोठा. त्यांच्या णमोकार मंत्रात तर कोणाचं नावच नाही. अरिहंतांना, सिद्धांना, आचार्यांना, उपाध्यायांना, साधूंना नमस्कार. तीर्थंकर सुटून गेलेले, ते कोणाच्या हाकेला ओ देत नाहीत. शेजारी म्हणायचे, आत्माच परमात्मा व्हायचा आहे, मग अरे कोणाला म्हणू, स्वतःला? पण काकी मात्र पद्मावतीदेवीपुढे तासभर बोलत बसायच्या.

कोरडा_पाऊस

निळा_पारवा, मुद्दा मान्य, पण एक विचारू? भीमगीतांचं काय? चौदा एप्रिलला आमच्या गल्लीत लाउडस्पीकरवर रात्रभर 'भीमराया, तू' हेच तर चालू असतं. व्याख्यानात 'बाबासाहेबांनी', गाण्यात 'भीमा, तुझ्यामुळे'.

निळा_पारवा

हा हा, पकडलंत. आईच्या तोंडी तर सरळ 'माझा भीम'. वडील दटावायचे, "ते काय तुझ्या वर्गात होते?" ती गातच राहायची.

पण मग मीही एक देतो. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा. बापापेक्षा कडू. त्याचा अभंग आहे: 'आमुची केली हीन याती । तुज का न कळे श्रीपती । जन्म गेला उष्टे खाता । लाज न ये तुमचे चित्ता'. आज हा धागा वाचल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं. सुरुवातीला 'तुज', आणि लाज काढायची वेळ आली तेव्हा 'तुमचे'. जवळिकीचा सगळा करारच त्यानं दोन ओळींत मोडून टाकला.

शब्दाचा_किडा

छंदासाठीही असू शकतं. जुन्या अभंगांत तू-तुम्ही सर्रास मिसळतात, शिवाय पाठभेद असतात.

सावरगावची_सून

असेल छंदासाठी. पण मी रागावले की मुलाला 'या साहेब, बसा' म्हणते, ते छंदासाठी नसतं.

नांदेडी_फेटा

शब्दाचा_किडा यांच्या बाजूनं एक पुरावा. शिखांच्या सुखमनी साहिब या प्रार्थनेत 'तू ठाकुर तुम पहि अरदास' अशी ओळ आहे. एकाच ओळीत तू आणि तुम, आणि तिथं राग अजिबात नाही, निव्वळ शरण जाणं आहे. त्यामुळे मिसळलं म्हणजे भांडण, असं नाही.

अवांतर: गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची 61 पदं आहेत. आमच्याकडे मराठी माणूस गुरुद्वारात गेला की हे ऐकून पाच मिनिटं छाती फुगवून फिरतो. मीही.

निळा_पारवा

नांदेडी_फेटा, मान्य. तरी मला कर्ममेळ्याच्या त्या 'तुमचे'त चटका लागतो. छंदाचा असेल तर छंदाचा.

हौशी व्याकरणी

न मानणाऱ्यांपैकी अजून कोणी आलं नाही म्हणून मीच लिहितो. मी तीस वर्षं नास्तिक आहे. बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी बाहेर बाकड्यावर बसून 'अरे बाबा, आता बघ' असं दोनदा म्हणालो. कोणाला म्हणालो ते माहीत नाही. डॉक्टर असते तर अहो म्हटलं असतं, एवढं खात्रीनं सांगतो.

उंडगा

धागा सुंदर चाललाय. चहा गार झाला.

मेथीदाणा

सगळ्यांचे आभार. लेकीला 'माहेरचा रकाना' सांगितलं. तिला माहेर म्हणजे काय ते समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी तिनं तक्त्याखाली पेन्सिलनं तिसरा रकाना केला आणि त्यात देव आणि आजी अशी दोन नावं लिहिली. आजोबा अजून 'तुम्ही'मध्येच आहेत. ते दीड वर्षापूर्वी गेले, पण नाव तिनं खोडलं नाही.

काल कॉलवर आईलाही विचारलं, तू देवाला काय म्हणतेस? आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "हल्ली काहीच म्हणत नाही. तुझे बाबा गेल्यापासून बोललेच नाही."

मला माहीतच नव्हतं. रोज कॉलवर मागं समई तेवताना दिसते. म्हटलं, अगं, पण पूजा तर करतेस. म्हणाली, "दिवा लावते, फुलं वाहते, नैवेद्य दाखवते. ते वेगळं. बोलत नाही."

इथं लिहावं की नाही, दोन दिवस विचार करत होते.

अशदोदकर

मेथीदाणा, आईंना नमस्कार सांगा.

सावरगावची_सून

तुकोबांचा एक अभंग आहे, 'माझे लेखी देव मेला' असा. त्यातही पुढं हेच आहे: आता त्याच्याशी बोलणार नाही, त्याचं नाव घेणार नाही, आम्ही दोघं तुटलो. आणि हे त्यांनी अभंगात लिहून ठेवलं, म्हणजे त्यालाच ऐकवलं. आईंना वाचून दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी नुसतं सांगितलं.

खाडीपलीकडचा

माझ्या आईनंही वडिलांनंतर काही महिने दुआसाठी हात उचलले नव्हते. नमाज मात्र एकही चुकवली नाही. आम्ही कोणी काही बोललो नाही. एक दिवस उचलले.

मेथीदाणा

आईला मी एवढंच विचारलं, किती दिवस अबोला धरणार आहेस? म्हणाली, "बघू. त्याला कळतंय."

हौशी व्याकरणी

'त्याला.' 'त्यांना' नाही. नोंद घेतली.